नकाशावर न आलेले निंब

परवा आमच्या गल्लीत रस्त्याचं काम निघालं. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे दहा वाजलेले, आणि खिडकीतून तापलेल्या डांबराचा वास सरळ स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. हात थांबला. समोरून तीन मुली पेपरला चालल्या होत्या, तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या, हातात पाण्याच्या बाटल्या. ओल्या डांबराला वळसा घालून, भिंतीलगतच्या हातभर सावलीतून त्या एकामागे एक गेल्या. मी त्यांचे चेहरे बघितलेच नाहीत. पाय बघत होते. तिघींच्याही पायांत चपला होत्या. तेवढं बघून मी वळले तर तव्यावरची पोळी काळी झाली होती.

इतकी वर्षं झाली, पण परीक्षेचे दिवस आले की माझं हे असं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याच्या बाहेर, शेतांच्या मधोमध असलेल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. चाळीस एकरांचं आवार. त्याच्या एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला इमारत, आणि मधे जवळपास अर्ध्या मैलाची पायवाट. मुलं एस.टी.नं यायची. आर्वीकडून, रोहण्याकडून, पार तळेगावाहून. फाटकाशी उतरायची आणि चालत यायची. ती वाट सरळ नव्हती. एका विहिरीला वळसा घालून, मग उजवीकडे वळून, मग उगाचच थोडी डावीकडे, अशी ती यायची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जुने निंब होते. चैत्रात त्या निंबांना मोहर यायचा. वाटेवर पांढरा सडा पडायचा आणि वर्गात शिरणाऱ्या मुलींच्या केसांतून तो बारीक, कडसर-गोड वास आत यायचा. जूनमध्ये निंबोळ्या पिकल्या की चपलांखाली त्या फुटायच्या. हे सगळं मला आज आठवतं. त्या वेळी मी सायकलनं जायचे, वेगात, पहिल्या तासाला उशीर होऊ नये म्हणून.

त्या वाटेचं पावसाळ्यात काय व्हायचं तेही सांगायला हवं. काळी माती. दोन दिवस पाऊस लागला की पाय घोट्याच्या वरपर्यंत रुतायचा, मुलं चपला हातात घेऊन यायची, मुलींच्या साड्या पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरायच्या. आमचे प्राचार्य गुल्हाने सर स्वतः खेड्यातून, असाच चिखल तुडवत शिकलेले. पक्का रस्ता हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. त्यात चूक काहीच नव्हती. सरकारकडून मंजुरी आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, नागपूरचे इंजिनिअर आवाराचा नकाशा मागताहेत. तुम्ही विद्यार्थ्यांना सर्वे शिकवता, मग आपलाच करा की."

हिवाळ्याचे दिवस होते. तिवईवर फळा, फळ्यावर कागद, आणि मागे दहा-बारा मुलं, असं आमचं पथक तीन आठवडे आवारभर फिरलं. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. इमारती घेतल्या, विहीर घेतली, कुंपण, मागचा नाला, जमिनीचा उतार, सगळं घेतलं. झाडं तेवढी राहिली. एकेका झाडाची जागा मोजायची म्हणजे आणखी चार दिवस गेले असते, आणि कागद दुसऱ्याच दिवशी नागपूरला जायचा होता. "झाडं नंतर टाकू," असं मीच मुलांना म्हणाले. खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्या नीटस अक्षरात, सही केली.

ते नंतर कधी आलंच नाही. मी विसरले. इतकं साधं.

मार्चमध्ये चाचणी परीक्षा चालू होती. मी वर्गात पर्यवेक्षणाला होते. साधारण साडेअकराला बाहेरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. कोणी सरपण फोडत असेल असं वाटलं. मग मोठा, लांबत जाणारा कडकड आवाज झाला, आणि वर्गातली सगळी मुलं एकदम उठून उभी राहिली. खिडकीतून पाहिलं तर विहिरीजवळचा निंब आडवा पडला होता. त्याच्या पलीकडे आणखी दोन. आणि त्यांच्या जागी नुसतं आभाळ, इतकं मोठं, इतकं पांढरं, की क्षणभर मी कुठे उभी आहे तेच कळेना.

मी धावत गेले. कॉलेजात मी नेमानं पुस्तकी मराठी बोलायचे, पण त्या वेळी तोंडातून आर्वीच्या आमच्या घरातली बोली निघाली.

"काऊन तोडून राह्यले? कोणी सांगतलं तुम्हाले?"

ठेकेदाराचा मुकादम भला माणूस होता. त्यानं घाम पुसला, खिशातून घडी घातलेला निळा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. फाटकापासून पोर्चपर्यंत पट्टीनं ओढलेली एक सरळ, जाड रेघ.

"नकाशाबरहुकूम करून राह्यलो, मॅडम. हे पाहा ना. इथं झाडच नाई. मोकळी जागा हाये."

कोपऱ्यात माझी सही होती.

चौथ्या झाडावरचे घाव ऐकू येत होते. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. आमचे माळी, गणपतभाऊ. कॉलेज सुरू झाल्यापासून ते तिथे होते. त्यातले कितीतरी निंब त्यांनी स्वतः लावलेले. त्यांनी तो कागद पाहिला, मला पाहिलं, आणि ते विहिरीकडे निघून गेले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. समोर आले की टोपी नीट करायचे आणि वाट बदलायचे.

प्राचार्यांना मी त्याच दुपारी जाऊन सांगितलं. ते वाईट वाटून म्हणाले, "अरेरे. पण आता रस्ता होऊ द्या. झाडं काय, पुन्हा लावता येतील." काम थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळे निंब गेले.

रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, फाटकातून बघितलं तर थेट इमारतीच्या पायऱ्या दिसायच्या. आणि एप्रिल आला.

आमच्याकडचा एप्रिल ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. दुपारी दोनला शेतात माणूस नसतो, झाडावर पाखरू नसतं. विद्यापीठाचे पेपर मात्र दुपारी तीनला असायचे. मुलं दोनच्या सुमाराला उतरायची, डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा, आणि त्या काळ्या पट्ट्यावरून चालत यायची. डांबर मऊ व्हायचं. वर नुसती लहर उठलेली दिसायची आणि त्या लहरीत मुलांच्या आकृत्या वितळल्यासारख्या हलायच्या. कॉलेजात पोचली की मुलं आधी नळाखाली डोकं धरायची, मग बोलायची.

मंदा आमच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. रोहण्याची सून. लग्न झाल्यावर शिकणाऱ्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. ती वर्गात मागे बसायची, वहीत रेघा फार सुंदर आखायची. त्या दिवशी भूगोलाचाच पेपर होता. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या, आणि तिची जागा रिकामी. अर्ध्या तासानंतर कोणाला आत घ्यायचं नाही, हा नियम. मी दारात उभी राहून फाटकाकडे बघत होते. सव्वातीनच्या पुढे काटा गेला तेव्हा एस.टी. थांबली, वाटेत तिचं चाक बसलं होतं, हे नंतर कळलं. एक साडी खाली उतरली आणि धावायला लागली.

मी तिला पूर्ण रस्ताभर धावताना पाहिलं. अर्ध्यावर ती अडखळली, खाली वाकली, पुन्हा धावू लागली. चप्पल डांबरात रुतून बसली होती आणि ती तिनं तिथेच सोडली. थोड्या वेळानं दुसरीही सोडली. माझ्या ते लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा मी ओरडले, "कडेनं ये, मंदा, मातीतून ये!" पण तिला ऐकू गेलं नसावं. पायऱ्यांपाशी ती आली, माझ्याकडे बघून हातातलं प्रवेशपत्र पुढे केलं आणि म्हणाली, "वेळ हाये ना, मॅडम?" आणि जागच्या जागी बसली. मग आडवी झाली.

तिचे तळपाय मी पाहिले. त्याचं वर्णन मी आजवर कोणाजवळ केलेलं नाही, इथेही करणार नाही.

गुल्हाने सरांनी स्वतः तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती शुद्धीवर नीट आली, वाचली. पेपर मात्र गेला, वर्ष गेलं. त्या दिवशी जीप गेल्यावर मी वर्गात परत आले आणि उरलेले अडीच तास मुलांच्या रांगांमधून फिरत राहिले. कोणी पुरवणी मागितली की देत होते. त्यावर पर्यवेक्षकाची सही लागे. सही करायची म्हटलं की तो निळा कागद दिसायचा.

मेच्या शेवटी मी रोहण्याला गेले. मंदाच्या घरचे काय बोलतील याची मनात धास्ती होती. पण तिच्या सासूनं मला खाटेवर बसवलं, ताक दिलं, आणि म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा तिले. पुढच्या वर्षी फारम भरत नाई म्हन्ते. मी म्हनलं, बाई, येवढं शिकली, आता कायले सोडतं?"

मंदा भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब केलेले, त्यांवर मऊ जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. "मले त्या रस्त्याची भीती बसली," ती म्हणाली. "झोपीतही पाय भाजते."

मी तिला सांगून टाकलं. नकाशा मी काढला, झाडं मी दाखवली नाहीत, चूक माझी. ती रडेल, रागावेल, असं काहीतरी मी धरून गेले होते. तिनं पायावरची सुटलेली पट्टी नीट केली. मग अगदी शांतपणे, कोडं सुटल्यासारखं म्हणाली,

"तुमी सायकलनं जात होत्या ना, मॅडम. झाडाखालून तं आमी चालत होतो."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते. बाहेर नांगरलेली, उलथलेली काळी शेतं. ते वाक्य काही केल्या पुढे सरकेना. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तेच जास्त लागलं. तीन आठवडे मी मुलांना घेऊन आवाराचा इंच न् इंच मोजला होता, आणि त्या आवारातून कोण कसं चालतं हे मला ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवसापासून मी सायकल फाटकाशी ठेवून पुढे पायी जाऊ लागले. जुलैत स्टाफची सभा झाली. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आवाराचा माझा नकाशा चुकीचा होता आणि मला तो पुन्हा करायचा आहे. या वेळी चालणाऱ्यांचा. कोणीतरी हसलं. गुल्हाने सर हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा कडक झाला.

"रस्ता चांगला झाला आहे, मॅडम. चिखल गेला. ते विसरू नका."

"विसरत नाही, सर. मला फक्त बघू द्या."

बघायला काळ्या मातीनं मदत केली. पाऊस पडून उघडला की आवारभर पावलं उमटायची. आम्ही सकाळी खुंट्या घेऊन निघायचो, मी आणि तीच मुलं, आणि जिथे पावलांची गर्दी दिसेल तिथे खुंटी ठोकायचो. आठ दिवसांत आम्ही बुचकळ्यात पडलो. त्या सरळ रस्त्याच्या मधून जवळपास कोणीच चालत नव्हतं. मुलं त्याच्या कडेकडेनं येत, विहिरीपाशी पाणी प्यायला वळत, तिथून तिरपी ग्रंथालयाकडे जात. जुनी वाकडी वाट होती ना, तिला प्रत्येक वळणाचं कारण होतं. ते आम्हाला झाडं गेल्यावर कळलं.

आणि मग मुलींची पावलं. लहान, एकमेकींना चिकटून गेलेली. ती पार डावीकडे, मोकळ्या माळावरून, अर्धं आवार फिरून मागच्या दारानं वर्गात येत होती. मला उलगडा होईना. माझ्याबरोबरच्या एका मुलीला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "वाटेत सायकल स्टँड हाये ना, मॅडम. पोट्टे बसले राह्यतात तिथं. काहीबाही बोलतात."

रोज, चिखलातून, एवढा फेरा! आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी त्याच स्टँडवर रोज सायकल लावत होते. मला बघून ती मुलं उठून नमस्कार करायची.

खुंट्यांचा नवा नकाशा घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. सायकल स्टँड फाटकाशी न्या. स्कूटर, जीप, सगळी वाहनं फाटकाशीच थांबू द्या. पावलं जिथे आहेत तिथे मुरुमाच्या उंच वाटा करा, कडेला चर खणा, पावसाचं पाणी त्या चरांतून दगडगोट्यांच्या खड्ड्यात आणि तिथून विहिरीत जाऊ द्या. आणि झाडं. सरांनी सगळं ऐकलं. "जीपही फाटकाशी?" एवढंच म्हणाले. "पाहू."

ऑक्टोबरचं ऊन तसं एप्रिलच्या निम्मंही नसतं. पण एक दिवस दुपारी दोनला मी ग्रंथालयाच्या दारात उभी असताना बघितलं तर फाटकापाशी गुल्हाने सर. डोक्यावर काही नाही, हातात छत्री नाही. त्यांनी पायांतले जोडे काढले, कडेला ठेवले, आणि डांबरावरून चालू लागले. शिपाई छत्री घेऊन धावला, त्याला त्यांनी हातानंच मागे सारलं. अर्ध्या रस्त्यात त्यांची पावलं भराभर पडू लागली, मग वेडीवाकडी. पण ते कडेला मातीत उतरले नाहीत. पन्नाशी उलटलेला, शिस्तीचा, सगळं कॉलेज ज्यांना वचकून असे तो माणूस. वर्गांच्या खिडक्यांत मुलं गोळा झाली होती आणि कोणीही हसत नव्हतं.

पायऱ्यांवर पोचल्यावर ते खांबाला धरून उभे राहिले. मी जवळ गेले.

"ती धावली यावरून," ते म्हणाले. "आणि हा ऑक्टोबर आहे." मग शिपायाला जोडे आणायला पाठवत, "गाड्या उद्यापासून फाटकाशी."

हिवाळ्यात मुरुमाच्या वाटा झाल्या. रोपं लावली, निंबाची आणि करंजाची. प्रत्येक रोपाशेजारी एक कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, म्हणजे त्यात पाणी भरलं की ते हळूहळू मुळांशी झिरपतं आणि थोडक्यात भागतं. ही युक्ती गणपतभाऊंची. मी रोपांच्या जागा मोजत होते तेव्हा ते मागून आले. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकलं.

"या डाव झाडं काढजा, मॅडम. बारकी असली तरी."

मी त्यांच्यासमोर एकेक ठिपका काढला. ते वाकून बघत होते. शेवटचा ठिपका झाल्यावर म्हणाले, "हं." आणि पाणी घालायला गेले.

पण गुडघ्याएवढ्या रोपट्याची सावली ती काय? परीक्षा तर तीन महिन्यांवर आली होती. मग मुलांनीच सुचवलं. मार्चमध्ये घराघरांत तुराट्या असतात, तुरीचं पीक निघाल्यावरची काटकं. शनिवारी घरी गेलेली मुलं सोमवारी तुराट्यांच्या मोळ्या घेऊन आली, एस.टी.च्या टपावरून. कंडक्टर वैतागले. कोणाच्या वडिलांनी बैलबंडीच भरून पाठवली. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत वाटेवर मांडव पडला. मधे तीन ठिकाणी रांजण. त्या एप्रिलमध्ये मांडवाखालून चालताना अंगावर उन्हाच्या बारीक बारीक रेघा पडायच्या आणि वाळल्या तुराट्यांचा, खळ्यावर येतो तसा वास यायचा. मुलं प्रश्नोत्तरं पाठ करत सावकाश चालायची. घाई कोणालाच नव्हती. मला त्या मांडवात एकदा रडू आलं, आणि बरं वाटण्याचं ते रडू नव्हतं. इतकं सोपं होतं हे. आदल्या वर्षीही इतकंच सोपं होतं.

मंदा त्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी पत्रं टाकत राहिले: आता वाट अशी झाली आहे, मांडव असतो, रांजण असतात. उत्तर एकदाही आलं नाही.

तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या यादीत तिचं नाव दिसलं.

पहिल्या पेपरला मी दीड वाजताच फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिला मांडवातून स्वतः घेऊन यायचं असं मी ठरवलं होतं. कुठे काय दाखवायचं तेही मनात ठरलेलं. रोपं आता खांद्याला आली होती. एकेक एस.टी. येत होती, मुलं उतरत होती, ती नव्हती. पावणेतीन झाले. आर्वीची शेवटची बस येऊन गेली. पहिली घंटा झाली तशी मी परत फिरले. मांडवातून एकटीच चालत आले आणि वर्गात शिरले.

मंदा तिच्या जागेवर बसली होती. पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट, पट्टीनं उत्तरपत्रिकेला समास आखत होती.

"तू... कुठून आलीस?" मी विचारलं.

"मांगून," ती म्हणाली. "नाल्यापाशी बस हळू होते. आता तिथंच उतरून घेतो आमी साऱ्या. फाटकापेक्षा जवळ पडते. कुंपणात जागा हाये ना."

पेपरचा टोल पडला. तीन वर्षं मी पावलं बघत होते. आवाराच्या आतली. नाल्याकडे खुंटी घेऊन मी एकदाही गेले नव्हते.

पेपर सुटल्यावर मी तिला म्हटलं, दाखव. ती पुढे, मी मागे. इमारतीच्या पाठीमागे गुडघाभर वाळल्या गवतातून एक वाट गेली होती, टणक, गुळगुळीत, किती मुलींनी, केव्हापासून तुडवलेली कोण जाणे. टोकाला काटेरी तारेचं कुंपण. मधली तार वर सरकवलेली होती, आणि तिच्या एकेका काट्यावर कोणीतरी साडीच्या काठाची चिंधी नीट गुंडाळली होती, पदर अडकू नये म्हणून. लाल, हिरव्या, एक जरीची. काही पार विटलेल्या, काही कोऱ्या. म्हणजे जुन्या झाल्या की कोणीतरी बदलत होतं.

मंदानं पदर खोचला, वाकली, सहज पलीकडे गेली. मग वळून दोन्ही हातांनी ती तार माझ्यासाठी वर धरली. मी निऱ्या सावरल्या आणि वाकले.

"आनखी वाका, मॅडम," ती म्हणाली. "लागन डोक्याले."

मी आणखी वाकले.